धानासारखी वाळवलेली भिंत

आईने न्हाणीच्या दारात उभं राहून नाकाला पदर लावला, तेव्हाच भोजराज शहारेला कळलं की आता काही खरं नाही. बाकीचा फ्लॅट दाखवून झाला होता. कलाबाईंनी हॉल पाहिला, गॅलरी पाहिली, स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवला, नळ उघडून पाहिला आणि बंदही करून पाहिला. आता फक्त न्हाणी उरली होती, आणि न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर छतापासून नळापर्यंत काळी बुरशी पसरली होती.

"भोजराज," कलाबाई म्हणाल्या, "या खोलीत माणूस आंग धुते, का आंगाले काळं लावून येते?"

"पावसाळा आहे ना, आई. थोडी ओल येतेच."

"माह्या घराच्या भिंती मातीच्या हायेत. त्याइले नाही येत ते?" त्यांनी एक बोट भिंतीला लावलं, पाहिलं आणि पदराला पुसलं. "मी जातो बापा मुर्रीले. हे काळं गेलं का सांग, मंग येतो राह्याले."

आणि चहा पिऊन त्या गेल्यासुद्धा.

आता मुर्री काही सातासमुद्रापार नव्हती. गोंदिया शहर जिथे संपतं तिथे मुर्री सुरू होते, आणि भोजराजने फ्लॅट घेतला होता तोही मुर्रीच्याच बाजूला. स्कूटरला किक मारून ती पुरती तापायच्या आत माणूस पोचतो. पण गेल्या पावसाळ्यात कलाबाई अंगणात घसरून पडल्या होत्या. शेजारची धुरपता चटणीला मीठ मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या असत्या. हाड मोडलं नाही, पण भोजराजची झोप मोडली. आई तिकडे एकटी आहे हे त्याला जेवताना आठवायचं, कालव्यावर फिरताना आठवायचं. फ्लॅट त्याने तिच्यासाठीच लवकर घेतला होता. आणि ती आली, तर मध्ये भिंत उभी राहिली.

भोजराज पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता हे इथे सांगितलं पाहिजे, कारण त्याच्या दुःखाला त्यामुळे जास्त धार होती. पाणी सोडणं, अडवणं, वळवणं आणि ते शेपटाच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावाला पोचलं नाही म्हणून शिव्या खाणं, हे त्याचं काम. ज्या माणसाने दोन गावांचे लोक काठ्या घेऊन आलेले असताना मध्ये उभं राहून पाण्याची पाळी ठरवून दिली, त्याच्याच घरात पाणी न विचारता भिंतीत शिरत होतं. ऑफिसात ही बातमी त्याने स्वतःच एका हळव्या क्षणी सांगितली आणि पस्तावला. "शहारे, सरकार म्हणते पाणी अडवा, पाणी जिरवा," मोजणीदार म्हणाला. "तुम्ही तं घरातच जिरवून राहिले!"

इमारतीचं नाव वैनगंगा अपार्टमेंट होतं. बिल्डरने ते हौसेने ठेवलं होतं, पण भोजराजच्या न्हाणीने मनावर घेतलं होतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, सुरू झाला. मुर्रीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि अधूनमधून कुणाच्या तरी घरी भंतेजींना भोजनदान. भोजराजने विहारात जाऊन भाद्रपद पौर्णिमेचं भोजनदान आपल्या फ्लॅटवर मागून घेतलं. विहारातल्या सगळ्या बाया येणार, म्हणजे आई येणारच. एकदा न्हाणी पांढरीशुभ्र पाहिली की चार बायांसमोर तिला शब्द फिरवता येणार नाही. बेत पक्का होता. अल्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, फक्त एवढंच विचारलं, "आणि तोवर गेलं नाही तर?"

"जात नाही म्हणजे काय? जाईलच," भोजराज म्हणाला आणि बाह्या सरसावून न्हाणीत शिरला.

पहिला सल्ला आला वरच्या मजल्यावरून. तिथे उदाराम बिसेन राहायचे. एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त झाल्यापासून त्यांना काम नव्हतं आणि सेक्रेटरी झाल्यापासून फुरसत नव्हती. "शहारेजी, ब्लीचिंग पावडर!" ते जिन्यातूनच म्हणाले. "विहिरीचे जंतू मरतात, भिंतीचे काऊन नाही मरणार?"

ब्लीचिंगने भिंत खरोखर पांढरी झाली. भोजराजची ऑफिसची पँटसुद्धा ठिकठिकाणी पांढरी झाली, आणि खुंटीवर राहून गेलेली अल्काची हिरवी साडी कुठल्याच रंगाची राहिली नाही. नवराबायको पाठोपाठ शिंकत होती. तरी भोजराज खूश होता. मग एक झड लागली, सूर्य दिसेनासा झाला, आणि काळं परत आलं. या वेळी ते छतावरही चढलं होतं.

दुसरा उपाय रंगाचा. बाजारातल्या दुकानदाराने शपथेवर सांगितलं की हा रंग लावला की भिंतीला पाणी शिवत नाही. ते खरं निघालं. बाहेरचं पाणी आत येत होतं की नाही ते माहीत नाही, पण आतलं पाणी बाहेर जात नव्हतं एवढं नक्की. रंगाखाली फुगे आले. मोठमोठे, तांदळाच्या पापडाला तळताना येतात तसले. अल्काने एका फुग्याला सहज बोट लावलं तर पाण्याची चिळकांडी उडून तिच्या चष्म्यावर आली. "अहो," ती शांतपणे म्हणाली, "भिंत नाही ही, पाण्याची मशक आहे." भोजराजने त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

मग त्याने विचार केला की पाणी वरून येत असणार. पाणी नेहमी वरूनच येतं. खात्यात एवढं तरी तो शिकला होता. वर बिसेनांची न्हाणी. ती तपासायची तर सोसायटीची परवानगी लागते असं बिसेन म्हणाले. भोजराजने सेक्रेटरी बिसेनांना अर्ज दिला. सेक्रेटरी बिसेनांनी तो वाचून वरच्या मजल्याचे रहिवासी बिसेन यांना विचारणा केली. रहिवासी बिसेनांनी विचार करायला मुदत मागितली. सेक्रेटरींनी ती उदार मनाने दिली. मुदत संपल्यावर भोजराज पुन्हा गेला, तेव्हा बिसेन खरोखर दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "मी त्यांना सांगून थकलो शहारेजी. पण ते ऐकूनच नाही राहिले."

"ते म्हणजे तुम्हीच ना, जी?"

"म्हणूनच तं अवघड आहे!"

आतून त्यांच्या बायको प्रेमिलाबाई म्हणाल्या, "आमच्या नळातून थेंब नाही गळत. तुमच्याच घरी बाया जास्त पाणी सांडतात." हे अल्काने जिन्यात उभं राहून ऐकलं. त्यानंतर दोन्ही घरांतली आंब्याच्या लोणच्याची देवाणघेवाण बंद झाली. भोजराजला बिसेनांच्या घरचं लोणचं फार आवडायचं, पण आता मागे हटणं शक्य नव्हतं.

पौर्णिमा जवळ येत चालली आणि भोजराज रोज सकाळी उठल्याबरोबर भिंतीपुढे जाऊन उभा राहू लागला. मुर्रीला डबा घेऊन जायचा तेव्हा कलाबाई काही विचारायच्या नाहीत. पाट द्यायच्या, पाणी द्यायच्या. फक्त निघताना म्हणायच्या, "आहे का अजून?" आणि भोजराज म्हणायचा, "जाऊन राहिलं, आई."

अशा वेळी अतुल आला. अतुल म्हणजे अल्काचा धाकटा भाऊ. तो एका राईस मिलमध्ये कामाला होता, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीकडे तो मिलच्या नजरेनेच बघायचा. त्याने न्हाणीत जाऊन भिंतीला हात लावला, हात नाकाशी नेला आणि मिलमध्ये धानाचा ट्रक आल्यावर करतात तशी मान हलवली. "जिजाजी, ओल जास्त आहे."

"ते दिसतंय मला."

"नाही, तुम्ही वरवर पुसून राहिले. उकडलेलं धान पुसून वाळते का? आम्ही भुसा जाळतो, गरम हवा सोडतो, धान कडक. मंग भिंत कायले नाही वाळणार? भिंत म्हणजे काय, माती तं आहे."

भोजराज त्याच्याकडे बघत राहिला. एवढ्या दिवसांत कुणी असं मुळाशी जाऊन बोललं नव्हतं. गोंदियात जन्म काढलेल्या माणसाला मिलच्या शास्त्रापुढे बोलायला जागा नसते. हजारो पोती धान ज्याने वाळतं, त्यापुढे एक भिंत म्हणजे काय!

रविवारी दुपारी अतुलने मिलमधून भुशाचं पोतं आणि पत्र्याची मोठी शेगडी आणली. भुसा ठोकून ठोकून भरला. प्लॅस्टिकच्या बादल्या बाहेर काढण्याचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेगडी पेटली, खालून लाल झाली, आणि अतुल म्हणाला, "आता दार लावा. हवा बाहेर गेली तं सगळं वाया." भोजराजने दार ओढून लावलं. दोघं बाहेर पाट टाकून बसले. अल्का म्हणाली, "धूर येतोय." अतुल म्हणाला, "ताई, तो धूर नाही, वाफ आहे. भिंतीतली ओल निघून राहिली." वाफेने सगळ्यांचे डोळे लाल झाले होते, तरी भोजराजचा चेहरा आनंदी होता. भिंत वाळत होती.

मग झरोक्यातून खरा धूर निघाला. तो सरळ वर गेला, आणि वर प्रेमिलाबाईंच्या गॅलरीत दोरीवर बिसेनांचे पांढरे सदरे वाळत होते. प्रेमिलाबाईंची किंकाळी सगळ्या इमारतीने ऐकली. भोजराज दाराकडे धावला आणि कडी ओढली. दार हललं नाही. पावसाळ्यात फुगलेलं प्लायवूडचं दार उष्णतेने अजूनच चौकटीत बसलं होतं. अतुलने खांदा लावला, भोजराजने लाथ मारली, अल्काने दोघांनाही शिव्या दिल्या. दार घट्ट. खालून कुणीतरी ओरडलं, "बंब बोलावला रे!"

आगीचा बंब आला तो अख्ख्या वस्तीला मागे घेऊनच. बंबवाल्यांना भोजराज खिडकीतून हात हलवून सांगत होता की आग लागलेली नाही, आग आम्हीच लावलेली आहे. ते ऐकून त्यांची घाई आणखी वाढली. शिडी लागली. एकाने वर चढून झरोक्याची चौकट तोडायला पहार घातली. भिंत चार इंची विटांची, आत दोन महिन्यांचं पाणी आणि त्यावर दुपारची शेगडी. पहार लागली मात्र, आणि झरोका, त्याच्या खालची भिंत आणि बाजूची भिंत, सगळं एकदम खाली मागच्या मोकळ्या जागेत कोसळलं. नशीब की तिथे बिसेनांच्या तुळशीच्या कुंड्यांशिवाय कुणी नव्हतं.

आणि मग बंबवाल्यांनी पाणी सोडलं.

भोजराजने उभ्या आयुष्यात कालव्यात एवढ्या जोराने पाणी सुटलेलं पाहिलं नव्हतं. शेगडी एका फटक्यात विझली, पण नळी बंद व्हायला वेळ लागला. दाराच्या फटीतून पाणी हॉलमध्ये आलं, हॉलमधून जिन्यात गेलं. पूर्ण पावसाळ्यात जेवढी ओल त्या न्हाणीत शिरली नव्हती तेवढी त्या दुपारी शिरली. अतुल हळूच म्हणाला, "जिजाजी, मिलमध्ये असं नाही होत." भोजराज हॉलमधलं पाणी दाराकडे लोटू लागला. उत्तर द्यायचं ते अल्का देत होती.

धूर निवळला तेव्हा खाली उभ्या असलेल्या गर्दीला दुसऱ्या मजल्यावरची न्हाणी नाटकाच्या मांडवासारखी उघडी दिसत होती. हिरवी बादली, वितळून वाकडा झालेला मग, लाल साबण आणि खुंटीवर भोजराजचं भोक पडलेलं बनियन. विहारातले एक ओळखीचे गृहस्थ वर आले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम, साहेब. ते बनियन तेवढं काढून घ्या." शेवटी दार तोडून भोजराजने ते काढून घेतलं. नोकरीत एवढी वर्षं जपलेली इज्जत एका खुंटीला लटकलेली पाहण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये असं त्याला वाटलं.

एक गोष्ट मात्र उघडी पडली. तुटलेल्या भिंतीच्या वरच्या काठाला, बिसेनांच्या फरशीखाली, एक पाइप दिसत होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. भोजराज, बिसेन आणि सगळी गर्दी त्या थेंबांकडे बघत होती. "हे पावसाचं आहे," बिसेन म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे प्लंबर येऊन गेला, आणि त्याबद्दल दोन्ही बिसेनांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही.

भिंत बांधायला हिरालाल मिस्त्रीला बोलावलं. त्याने खिंडाराकडे पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं. "साहब, बना तो दूँगा. पर रेती कहाँ है? बरसात में घाट बंद है. नदी भरी हुई है."

"कुठे साठवलेली नसेल का?"

"होगी भी तो गीली दीवार पे पलस्तर पकड़ेगा नहीं. दिवाली बाद देखो." आणि तो निघून गेला.

पौर्णिमा चार दिवसांवर होती. अल्का म्हणाली, भोजनदान विहारातच करू. भोजराज म्हणाला, नाही. आवाज असा काढला की अल्काने पुढे विचारलं नाही. तो सरळ बुरडांच्या वस्तीत गेला आणि बांबूचे तट्टे घेऊन आला. आडव्या बल्ल्या ठोकल्या, तट्टे तारेने बांधले, आणि उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंत भिंत तयार केली. तट्ट्यांच्या वर छतापर्यंत सगळं मोकळं. बिसेन खालून म्हणाले, "शहारेजी, ही इमारत आहे का मंडई?" भोजराजने तार आणखी एक वेढा देऊन घट्ट केली. मग त्याने उरलेल्या भिंती घासल्या, पुन्हा घासल्या आणि चुना दिला. पण नळामागच्या कोपऱ्यात हात पोचत नव्हता, आणि तिथे थोडं काळं राहिलंच.

पौर्णिमेला सकाळपासून ऊन पडलं होतं. मुर्रीच्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या, कलाबाई त्यांच्या मध्ये होत्या. भंतेजींचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हायला हवं म्हणून सगळ्यांची धावपळ चालली होती. भंतेजी हातपाय धुवायला न्हाणीत गेले तेव्हा भोजराज बाहेर श्वास रोखून उभा होता. ते आले आणि शांतपणे म्हणाले, "हवा छान आहे." भोजराजला हे कौतुक की उपदेश ते कळलं नाही. वंदना झाली, जेवण झालं, भंतेजी निघाले. मग कलाबाई उठल्या आणि न्हाणीकडे गेल्या.

त्या लवकर बाहेर येईनात. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भोजराज दाराशी गेला. नवं दार फुगलेलं नव्हतं, पण हात लावायचं धैर्य होईना. एवढं सगळं करून आई पुन्हा पदर नाकाला लावून निघाली तर काय करायचं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

दार उघडलं. कलाबाईंनी तोंड धुतलं होतं, केस मोकळे होते.

"कोपऱ्यात काळं हाय अजून," त्या म्हणाल्या.

भोजराजचे खांदे पडले. "हो, आई. तिथे हात नाही पोचला."

"राहू दे. घर म्हटलं का एवढंसं राहतेच." त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि तट्ट्यावरून बोट दाखवलं. धानाच्या हिरव्या बांध्यांपलीकडे मुर्रीची झाडं दिसत होती, झाडांमधून विहाराचा झेंडा. "तिकडे पाह्य. अथून आपलं घर नाही दिसत, पण घराची दिशा दिसते. पाठीवर ऊन पडते, वारा येते. मुर्रीच्या न्हाणीवानी."

"मग त्या वेळी…"

"त्या वेळी मले कोंडल्यावानी वाटलं बापा. दार लावलं तं जीव गुदमरला." कलाबाई तट्ट्याकडे बघत बोलत होत्या. "एवढ्या हौसेनं घर घेतलं तू. तुले तसं कसं म्हनू? मंग ते काळं दिसलं. म्हटलं, चला, हेच सांगू."

ब्लीचिंग, रंग, पँट, साडी, लोणचं, बंब, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याला राग यायला हवा होता, पण तो उगाच तार तपासू लागला. संध्याकाळी मुर्रीच्या बाया परत गेल्या. कलाबाई गेल्या नाहीत. धुरपताच्या हातून फक्त त्यांची पेटी आणि पाटा-वरवंटा आला.

दिवाळीनंतर घाट सुरू झाले. बिसेनांनी सोसायटीची बैठक घेऊन ठराव केला की इमारतीच्या दर्शनी शोभेसाठी दुसऱ्या मजल्याची भिंत तातडीने बांधावी. रेती आली, विटा आल्या, हिरालाल घमेलं घेऊन दुसऱ्या मजल्यावर आला. अल्का म्हणाली, "थांबा भाऊ, आई आंघोळीला बसल्या आहेत." हिरालाल जिन्यात बसून बिडी ओढत राहिला. मग जेवायला गेला. परत आला, तर आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. कलाबाई त्याच्या आधी पाणी तापवून आत गेल्या होत्या. बिसेनांनी त्याला दुपारी पाठवून पाहिलं, संध्याकाळी पाठवून पाहिलं. हिरालालची पावलं जिन्यात वाजली की न्हाणीची कडी लागायची.

शेवटी बिसेन स्वतः खाली आले. ते सेक्रेटरी म्हणून आले होते की रहिवासी म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "शहारेजी," ते घाम पुसत म्हणाले, "एक विचारतो, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या मातोश्री दिवसातून किती वेळा आंघोळ करतात?"

भोजराज न्हाणीच्या दारापुढे खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

"तुम्ही मिस्त्री पाठवता तेवढ्या वेळा, जी."